उखळ, शिवण, कावळ्याची चोच : सुश्रुताने सांधे कसे मोजले

शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकात सांध्यांची तीन नावे हमखास भेटतात : बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा आणि सरकता सांधा. गुडघा-कोपर बिजागरीचे, खांदा-खुबा उखळीचे. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात याच खांद्याला ‘कंदुक-खल्लिका संधि’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीतला चेंडू आणि खोबण यांचा संस्कृत वेश. मराठीने मात्र चेंडू घेतला नाही, उखळ घेतले. आणि सुश्रुतसंहितेत खांद्याच्या व खुब्याच्या सांध्याचे नाव आहे ‘उलूखल’. उलूखल म्हणजेच उखळ. स्वयंपाकघरातून उखळ जाऊन दोन पिढ्या झाल्या. मिक्सर आला, मसाला पुडीतून येऊ लागला. ज्या मुलाने उखळ-मुसळ पाहिलेले नाही तेसुद्धा परीक्षेत ‘खांदा : उखळीचा सांधा’ असे बरोबर लिहिते.

ही नावे कुठून आली हे शोधताना मी सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायापाशी येऊन थांबलो आणि बराच काळ तिथेच राहिलो. संस्कृत मी उशिरा, नोकरी सांभाळून शिकलो. त्यामुळे एकेक ओळ बोटाखाली धरून वाचायची सवय आहे. या अध्यायाला ती सवय मानवते. इथे काव्य जवळजवळ नाही, हिशेब आहे. त्वचा किती, शिरा किती, स्नायू किती, हाडे किती आणि सांधे किती.

‘सुश्रुत’ म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवायची : हा एका हाताचा, एका काळाचा ग्रंथ नव्हे. त्यावर थर चढत गेले. त्याची काळ नोंदवलेली सर्वांत जुनी पोथी काठमांडूच्या कैसर ग्रंथालयात आहे, इ.स. ८७८ची; मूळ मजकूर तिच्याहून कितीतरी जुना. आपल्याकडे या ग्रंथाविषयी दोन ठाम मते ऐकू येतात. एक, आधुनिक विज्ञानाने जे शोधले ते सगळे यात होतेच. दुसरे, हा सगळा अंदाजपंचे कारभार. दोन्ही मतांचे लोक ग्रंथ उघडण्याची तसदी फारशी घेत नाहीत. आकडा बरोबर की चूक यापेक्षा तो काढला कसा, हे विचारले तर मजकूर बरेच काही बोलतो.

सुश्रुताच्या मते शरीरात २१० सांधे आहेत. हातापायांत ६८, धडात ५९, मानेत आणि मानेच्या वर ८३. बेरीज चोख आहे. त्यातले ६८ आपण आपल्याच अंगावर तपासू शकतो. एका पायाचे १७ : अंगठ्याला दोन, बाकीच्या चार बोटांना प्रत्येकी तीन, म्हणजे १४; शिवाय घोटा, गुडघा आणि जांघेतला खुबा. हाताचेही तसेच १७ : बोटांचे १४, मनगट, कोपर, खांदा. सतरा चोक अडुसष्ट.

हे वाचताना आपला हात समोर धरावा. बोटांची पेरे मोजत गेले की १४ येतात, बरोबर तितकेच. मग मनगट, एक. पण मनगटात आठ छोटी हाडे असतात, दोन ओळींत गच्च बसवलेली, आणि त्यांच्यात आपापसांत कितीतरी सांधे आहेत. घोट्याभोवती सात हाडे. सुश्रुताच्या यादीत मनगट एक आणि घोटा एक. म्हणजे ही मोजणी हाडाला हाड भिडते त्या प्रत्येक जागेची नाही. अंग जिथे मोडते, जिथे घडी पडते, ती जागा मोजली आहे. धोतराच्या निऱ्या मोजाव्यात तसे. या नियमाने १७ हा आकडा निर्दोष आहे. आधुनिक शरीरशास्त्रालाही सांध्यांचा एकच एक आकडा देता येत नाही. काय मोजायचे ते आधी ठरवावे लागते. कवटीच्या शिवणी धरायच्या का, दात धरायचे का, मनगटातले प्रत्येक फट वेगळे मानायचे का, त्यावर संख्या हलते. प्रौढ माणसाची हाडे २०६ हे आपण घोकतो. सांध्यांच्या बाबतीत असे घोकण्यासारखे काही नाही.

मात्र घडीच्या हिशेबात दोन हालचाली हरवल्या, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली अंगठ्याच्या मुळाची. अंगठ्याची दोन पेरे मोजली गेली, पण तो जिथे मनगटाला टेकतो तो खोगिराच्या आकाराचा सांधा मनगटातच बुडाला. याच सांध्यामुळे अंगठा तळहातावर आडवा येऊन प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकतो. सुई धरणे, चिमूटभर मीठ टाकणे, लेखणी पेलणे हे सगळे त्याच्या जिवावर. दुसरी हालचाल पुढच्या हाताची. कोपर कमरेशी चिकटवून तळहात आकाशाकडे करा, मग जमिनीकडे. कोपर मोडले नाही, मनगट मोडले नाही, घडी कुठेच पडली नाही, तरी हात उलटला. पुढच्या हातात दोन हाडे आहेत, आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडाभोवती खिळीवर फिरल्यासारखे फिरते. कुलपात किल्ली फिरवताना, तव्यावरची भाकरी उलटताना आपण हेच करतो. सुश्रुताला ही दोन हाडे माहीत आहेत. पण त्यांच्यामधल्या फिरण्याला ना १७ मध्ये जागा आहे, ना पुढे येणाऱ्या आठ प्रकारांत.

धडाचा आणि डोक्याचा हिशेब वेगळ्या चालीने जातो, कारण तिथे घड्या नाहीत. पाठीच्या कण्यात २४, कुशींत २४, छातीत ८, कमरेच्या हाडांत ३. वरच्या भागात ३२ सांधे दातांच्या मुळांचे. हसू नये, दात हे हाड मानले की ते जिथे रुतते तो सांधाच, आणि आजचे शरीरशास्त्रही दाताच्या खोबणीला सांध्याचाच एक प्रकार मानते. हृदय आणि क्लोम यांच्याशी जोडलेल्या नाडीत १८ सांधे सांगितले आहेत. या नाडीचा अर्थ श्वासनलिका घेतला, तर तिच्यात कूर्चेच्या साधारण १६ ते २० कड्या असतात. या कड्यांना आज कोणी सांधे म्हणणार नाही. पण कोणीतरी त्या नळीवरून बोट फिरवून मोजल्या असाव्यात, असे वाटायला लावणारा हा आकडा आहे.

आता प्रकार. सुश्रुत आधी सांध्यांचे दोन वर्ग करतो : हलणारे आणि स्थिर. हातपाय, जबडा आणि कमर इथले हलणारे, बाकीचे स्थिर. मग आकारावरून आठ नावे येतात. कोर : बोटे, मनगट, घोटा, गुडघा, कोपर. उलूखल : काख, जांघ आणि दात. सामुद्ग, म्हणजे झाकणाची डबी किंवा करंडा : खांद्याचा फरा, नितंब आणि त्या परिसरातले. प्रतर : मान आणि पाठीचा कणा. तुन्नसेवनी : डोके आणि कमरेची पसरट हाडे. वायसतुंड, कावळ्याची चोच : जबड्याच्या दोन्ही बाजू. मंडल, म्हणजे कडे : कंठ, डोळा आणि ती मघाची नाडी. शंखावर्त, शंखाचा वळसा : कान.

या नावांत एक अख्खे गाव आहे. स्वयंपाकघर आहे, पेटीतला करंडा आहे, अंगणातला कावळा आहे. मला सर्वांत आवडते ते तुन्नसेवनी. तुन्न म्हणजे फाटलेले. फाटलेल्या कापडाला घातलेली शिवण, रफू. कवटीच्या माथ्यावरची ती नागमोडी रेघ ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला याहून नेमका शब्द सुचणार नाही. टाके एकमेकांत गुंतलेले, ओढून बसवलेले. ग्रीकांनाही तिथे शिवणच दिसली, आणि लॅटिनमधून आलेला ‘सूचर’ हा शब्द आजचा डॉक्टर कवटीच्या सांध्यालाही वापरतो आणि जखमेच्या टाक्यालाही. कावळ्याचेही तसेच. खालच्या जबड्याच्या वरच्या टोकाला युरोपीय शरीरशास्त्रात ‘कोरोनॉइड’ म्हणतात. त्यातला ‘कोरोने’ म्हणजे ग्रीक भाषेतला कावळा. अंतःकर्णातल्या वळशाला युरोपात गोगलगायीच्या शंखाचे नाव मिळाले. कोणी कोणाकडून घेतले असा वाद इथे उकरण्याची गरज नाही. दोन ठिकाणची माणसे हाड हातात घेऊन बघत होती आणि कावळे दोन्हीकडे होते.

ग्रंथ म्हणतो की या सांध्यांचे आकार बहुतांशी त्यांच्या नावांवरूनच कळतात. यातली गंमत अशी, की सर्वांत जास्त सांधे ज्या नावाखाली येतात, तो ‘कोर’ हा शब्दच आज कळेनासा झाला आहे. टीकाकार आणि भाषांतरकार त्याचे वेगवेगळे अर्थ लावतात. आज बहुतेक जण ‘बिजागरी’ म्हणून मोकळे होतात, ते सांधे पाहून. शब्द पाहून नव्हे. ज्या वस्तूवरून हे नाव पडले ती वस्तू घरातून गेली आणि नाव मुके झाले. उखळाच्या नशिबी अजून तरी ते आलेले नाही.

उलूखल या प्रकारात खांदा आणि दात एकत्र आहेत, यावर थोडे थांबायला हवे. अंगातला सर्वांत मोकळा सांधा आणि सर्वांत घट्ट सांधा एका नावाखाली! हालचालीवरून वर्ग केले असते तर हे घडले नसते. दुसऱ्या शतकातल्या गेलनने ते वेगळे केले आहेत. त्याने आधी हालचाल पाहिली : सैल सांधे एकीकडे, घट्ट सांधे दुसरीकडे. सैल सांध्यांत तीन जाती : खोल खोबणीचा, उथळ खोबणीचा आणि बिजागरीचा. घट्ट सांध्यांत तीन : शिवण, ठोकलेली खुंटी आणि नुसती कडेला कड. दात गेले खुंटीत. शिवाय त्याने खोल आणि उथळ यांत केलेला भेद महत्त्वाचा आहे. खुबा खरोखर उखळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा त्यात चांगला आत बसतो. खांद्याला उखळ म्हणणे हे सौजन्य झाले, ती बशी आहे. म्हणून खांदा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. सुश्रुताच्या उखळात हा फरक मावला नाही. खिळीवर फिरणाऱ्या सांध्याची वेगळी जात मात्र गेलनच्या या यादीतही नाही.

पण गेलनची एक अडचण होती जी सुश्रुताची नव्हती. माणसाचे शव उघडणे त्याला शक्य नव्हते. तो माकडे आणि इतर जनावरे उघडत असे, आणि माणसाचा सांगाडा पाहायचा तर अलेक्झांड्रियाला जा, असे विद्यार्थ्यांना सांगत असे. सुश्रुताचा पाचवा अध्याय संपता संपता एक कृती सांगतो. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घ आजाराने न झिजलेले, शंभरी न गाठलेले शव घ्यावे. आतडी आणि मळ काढून टाकावा. मुंज गवत, साल, कुश, ताग अशांपैकी कशाने तरी ते गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात ठेवून द्यावे. सात रात्रींनी ते नीट कुजले की बाहेर काढून वाळा, केस, बांबू किंवा साल यांच्या कुंच्याने हळूहळू घासत जावे, आणि त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. सुरी नाही. कुंचा.

याची जोड मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. १५४३ मध्ये व्हेसेलियसने शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ छापला, त्यात सांगाडा तयार करण्याची जुनी युरोपीय रीत सांगितली आहे : शव चुन्यासह पेटीत घालायचे, पेटीला भोके पाडायची आणि ती वाहत्या पाण्यात ठेवायची. व्हेसेलियसला ही रीत पसंत नव्हती. अशा सांगाड्यावर सांध्यांचे बंध तसेच चिकटून राहतात आणि हाडांची टोके झाकतात, ही त्याची तक्रार. तो हाडे उकळून सुटी करी.

ही तक्रार वाचल्यावर सुश्रुताची यादी मला वेगळी दिसू लागली. सात रात्री पाण्यात राहून मांस सुटते, पण सांध्यांवरचे चिवट बंध इतक्या लवकर सोडत नाहीत. मनगटाची आठ हाडे त्या बंधांच्या पोतडीत गुंडाळलेलीच राहणार. कुंच्याखाली मनगट एकच गाठ दिसणार. अंगठ्याचे खोगीर त्याच पोतडीत. पुढच्या हाताच्या दोन हाडांमध्ये तर आडवा पडदा ताणलेला असतो. हा माझा तर्क आहे, पण मोजणीतल्या त्रुटी नेमक्या त्या जागी पडतात जिथे पाणी आणि कुंचा पोचत नाहीत, ही गोष्ट मला बोलकी वाटते. न पाहता रचलेल्या यादीत चुका कुठेही पडल्या असत्या.

उलट, जे बंध सुटले नाहीत ते त्यांनी नीट पाहिले. त्याच अध्यायात एक उपमा आहे : फळ्यांची नाव पुष्कळ दोरांनी आवळून बांधली म्हणजे पाण्यावर माणसांसकट भार वाहते, तसेच सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो. (इथला स्नायू म्हणजे आपण आज म्हणतो तो मांसाचा स्नायू नव्हे, तर चिवट बंध.) हाड महत्त्वाचे आहे, पण ते मोडल्याने होत नाही इतके नुकसान हा बंध तुटल्याने होते, असेही तिथे बजावले आहे. आधीच्या अध्यायात गाडीचा आस आहे : तेल घातलेल्या आसावर चाक जसे सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्यामुळे सांधे. बैलगाडीला वंगण घालणाऱ्याला यावर टीपेची गरज नव्हती.

मग पुढे काय झाले? आकडे पुढे गेले, पिंजरा मागे राहिला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांधे २१० सांगितले आहेत आणि लगेच, आत्रेयांच्या मते दोन हजार, असेही नोंदवले आहे. दोनशे दहा आणि दोन हजार शेजारी शेजारी, दोन्ही आदराने. कोणी हात पुढे करून पेरे मोजायला बसले नाही. श्लोक पाठ करणाऱ्याला त्याची गरजही वाटली नसावी.

पिंजऱ्याची आठवण पुन्हा निघाली ती कोलकात्यात. मधुसूदन गुप्त हे संस्कृत कॉलेजातले वैद्य. १८३५ आणि १८३६ मध्ये सुश्रुतसंहितेची पहिली छापील आवृत्ती त्यांनी दोन भागांत काढली. त्याच १८३६ साली, नव्याने निघालेल्या मेडिकल कॉलेजात त्यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. जातीचा धाक केवढा होता ते सांगायला नको. या घटनेकडे सहसा पाश्चात्त्य शिक्षणाचा विजय म्हणून पाहिले जाते. पण ज्या माणसाने सुरी उचलली तोच त्या महिन्यांत सुश्रुताची मुद्रिते हाताळत होता, आणि त्यांतल्या एका अध्यायात शव स्वतः पाहिल्याशिवाय शल्यवैद्याचे ज्ञान पुरे होत नाही असे लिहिलेले होते, ही बाब क्वचितच कोणी जोडून सांगतो.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांकडून संपादून घेतलेली, डल्हणाच्या टीकेसह निघालेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. शारीरस्थानावर भास्कर गोविंद घाणेकरांची हिंदी टीका आहे. जुने आणि नवे शरीरशास्त्र शेजारी ठेवून वाचायची शिस्त त्यांच्याकडून घ्यावी. १९०७ मध्ये, आग्र्याजवळ जन्मलेल्या रुडॉल्फ हर्नले यांनी प्राचीन भारतीय वैद्यकातल्या अस्थिगणनेवर ऑक्सफर्डहून ग्रंथ काढला. चरकाची ३६० हाडे, सुश्रुताची ३००, प्रत्येकीचा पत्ता त्यांनी प्रत्यक्ष सांगाड्यावर शोधला, पाठभेद झाडून पाहिले आणि या ज्ञानाच्या अचूकतेने आपण चकित झालो हे मोकळेपणाने लिहिले.

हर्नल्यांचा विषय हाडे हा होता, आणि त्यानंतरची बहुतेक चर्चा आकड्यांभोवतीच फिरली. शारीरस्थान बंद करून चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय उघडला की हवा बदलते. तिथे सांधे किती हे कोणी विचारत नाही. निखळलेला सांधा समोर आहे आणि तो बसवायचा आहे. वर चढलेला खाली ओढायचा, खाली उतरलेला वर उचलायचा. खांदा निखळला असेल तर काखेत मुसळ घालून उचलायचा आणि वर स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधायची. उखळीच्या सांध्याला औषध मुसळाचे! उखळात डोके घातल्यावर मुसळाला भ्यायचे नसते, ही आपली म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतला सांध्यांवरचा ग्रंथही खांद्यापासूनच सुरू होतो, आणि त्यातही काखेत मुसळ देऊन खांदा बसवण्याची रीत आहे. मुसळाला मऊ कापड गुंडाळावे, अशी सूचना देऊन. शिडी आणि दारही तिथे वापरले आहे. हाताशी असेल ते.

मांडी किंवा नळी मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांना बांधायचे, म्हणजे वरचा-खालचा सांधा हलणार नाही. जुळून आलेल्या मोडीची परीक्षा काय? अंग आखूड झालेले नसावे, उंचसखल नसावे, आणि हालचाल सुखाने व्हावी. म्हणजे मोजणीच्या अध्यायात मागे पडलेली हालचाल इथे निकालाच्या जागी आली आहे. तळहात मोडलेल्यासाठी तर पुढचा क्रमही दिला आहे. दोन्ही तळवे सारखे करून बांधावेत आणि कच्च्या तेलाने भिजवावेत. मग रोग्याच्या हातात आधी शेणाचा गोळा द्यावा. तो धरता आला की मातीचा. हातात बळ आले की दगड.

अंगठ्याच्या मुळाचा जो सांधा १७ मध्ये मोजला गेला नाही, त्याच्याशिवाय यांतला एकही गोळा धरता येत नाही. गोळा देणाऱ्या वैद्याला तो सांधा नावाने माहीत नसेल, पण मूठ वळू लागली की कळत होते. आज हाताच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीच्या खोलीत आधी स्पंजचा चेंडू मिळतो, मग चिकणमातीसारखा घट्ट गोळा, मग वजन.